न घेतलेल्या गोळ्या

माझा नवरा आजारी आहे हे इथे जपानात, हिगाशी-कसाईतल्या आपल्याच लोकांनी भरलेल्या आमच्या इमारतीत कुणालाच ठाऊक नाही. ते ठाऊक होऊ नये म्हणून त्याच्या घरच्यांनी जेवढी अक्कल खर्च केली, तेवढी त्याला बरं करण्यावर केली असती तर आज मी हे लिहीत बसले नसते.

आजार नैराश्याचा. तोयोसूच्या ऑफिसात तो रोज जातो, कोड लिहितो, मीटिंगमध्ये जपानी लोकांपेक्षा जास्त वाकतो. घरी आला की भिंतीकडे तोंड करून पडतो. मुलीला विचारलं, बाबा काय करतोय गं, तर ती टीव्हीवरची नजर न हलवता सांगते, "नेतेरु." झोपलाय. बाबा नावाची माणसं अशीच असतात, असंच तिला वाटतं.

माझे मोठे दीर पुण्यात डॉक्टर आहेत. सासरे लवकर गेले, तेव्हा धाकट्या भावाला त्यांनीच शिकवलं, त्यामुळे "दादा म्हणतो" हे आमच्या घरातलं शेवटचं वाक्य. दादा म्हणाले, जपानमध्ये डॉक्टरकडे जायचं नाही, विम्यातून कंपनीला कळेल, कॉन्ट्रॅक्ट वाढणार नाही, व्हिसा जाईल. असं काही होत नाही, हे मी चौकशी करून सांगितलं. त्यावर नवऱ्यामार्फत मला निरोप आला, "झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणावं तिला."

मग गोळ्या पुण्याहून यायला लागल्या. कुणी ना कुणी येतच असतं. भाजणीच्या पिठाखाली, मेतकुटाच्या पाकिटामागे. आणणाऱ्याला सांगायचं, ॲसिडिटीच्या आहेत. परिणामी अर्धं हिगाशी-कसाई मला लिफ्टमध्ये गाठून पित्तावर उपाय सांगायचं. कुणी आवळा, कुणी कोकम. एका काकूंनी तर सुनावायलाही कमी केलं नाही, "अगं, तिखट कमी कर जरा. नवरा बघ कसा सुकलाय."

इथे कचरा पारदर्शक पिशवीतून टाकावा लागतो आणि खाली कचऱ्याच्या जागी सगळे आपलेच लोक भेटतात. म्हणून रिकाम्या पट्ट्या तो कात्रीने बारीक कापायचा, औषधाचं एक अक्षर वाचता येणार नाही इतक्या बारीक. रविवारी अंघोळीला उठवत नसे त्याला, पण हे काम कधी चुकलं नाही.

पहिल्या गोळीने थोडे दिवस उजेड पडला आणि विझला. दीरांनी मात्रा वाढवली. मग गोळी बदलली. पुन्हा तेच. त्यानंतर त्यांनी प्राणायाम सांगितला.

एका विद्यापीठाच्या रुग्णालयात नवं संशोधन सुरू आहे, हे त्याने स्वतः शोधून काढलं. एका जातीच्या अळंबीतलं द्रव्य. एरवी ते जवळ सापडलं तर या देशात तुरुंग, पण संशोधनापुरती परवानगी. आधी बरेच दिवस बोलणं, मग एका शांत खोलीत डोळ्यांवर पट्टी बांधून झोपवतात, औषध देतात आणि दोन माणसं तासन्‌तास शेजारी बसून राहतात. सगळ्यांना गुण येतो असं नाही, हेही स्पष्ट लिहिलं होतं. मला भीती वाटत होती. पण तो म्हणाला, "मला हे करून बघायचंय." कित्येक वर्षांत त्याने "मला हवंय" असं कशाबद्दलच म्हटलं नव्हतं. माझी भीती मी गिळली.

अट एकच आडवी आली. नेहमीची किमान दोन औषधं पुरेसे दिवस घेऊनही गुण न आलेला रुग्णच त्यांना हवा होता. आमचा रुग्ण अगदी तसाच, पण जपानच्या लेखी त्याने आयुष्यात एकही गोळी घेतली नव्हती. संशोधनातल्या डॉक्टरीणबाई समजूतदार होत्या. म्हणाल्या, नोंदी नसतील तर ज्यांनी उपचार केले त्या डॉक्टरांशी मी बोलते, पुढचे कागद मागाहून बघू.

नवऱ्याने दादांना फोन केला. "बोलतो ना मी," ते म्हणाले. रुग्णालयात जायच्या दिवशी त्याने नीट दाढी केली. ट्रेनमध्ये मला म्हणाला, "दादा सांभाळून घेईल बघ."

व्हिडिओ कॉलवर दीर छान शर्ट घालून बसले होते. डॉक्टरीणबाईंनी इंग्रजीत विचारलं, कोणती औषधं दिलीत, किती दिवस? दीर हसले. म्हणाले, औषधं अशी नाहीत. कामाचा ताण आहे थोडा. व्हिटॅमिन्स दिली होती, झोपेसाठी किरकोळ काहीतरी. आमच्या घराण्यात तसलं काही नाही.

"भाऊजी, खरं सांगा," मी मराठीतून म्हटलं. "याचं सगळं तुमच्या एका शब्दावर आहे."

"तू मध्ये बोलू नकोस. मी डॉक्टर आहे."

मी जपानीतून सगळं सांगितलं, गोळ्यांची नावं, मात्रा, सगळं. डॉक्टरीणबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि नवऱ्याकडे वळल्या. तुम्हीच सांगा, काय खरं?

तो पडद्यावरच्या भावाकडे बघत राहिला. मग मान खाली घालून म्हणाला, "आनी नो इऊ तोओरी देस्." दादा म्हणतो तसंच आहे. शिवाय वाकून डॉक्टरीणबाईंचा वेळ घेतल्याबद्दल माफीही मागितली.

संध्याकाळी दीरांचा मला फोन आला. तुझ्या पुतणीचं लग्न जमतंय, माणसं चौकशा करतात, शिवाय गोळ्या अशा परक्यांच्या सामानातून पाठवल्याचं निघालं असतं तर माझं काय झालं असतं, तू तरी समजून घे. आपलेच दात नि आपलेच ओठ. मी फोन ठेवला. नवऱ्यावरही मी चिडले, खूप चिडले. तो एवढंच म्हणाला, "त्याच्या तोंडावर त्याला खोटं कसं पाडू?"

आता आम्ही स्टेशनजवळच्या क्लिनिकमध्ये जातो, रीतसर, विम्यावर. कंपनीने काहीही विचारलेलं नाही. तिथे पुन्हा पहिल्यापासून तीच पहिली गोळी सुरू झाली आहे. ती निकामी ठरली की दुसरी, ती निकामी ठरली की मग विद्यापीठ, तोवर तिथली भरती चालू असली तर.

परवा जेवताना तो म्हणाला, "आमटीत मीठ कमी आहे." पुढ्यात येईल ते चव न कळता गिळणारा माणूस. मुलीने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. हा तोच थोड्या दिवसांचा उजेड, मी ओळखते त्याला. पण क्लिनिकात विचारतील आणि हा खरं तेच सांगेल, आणि तिथे लिहिलं जाईल, गुण येतोय. मी त्याला मीठ वाढलं आणि मनात म्हटलं, इतक्यात नको रे, इतक्यात बरा होऊ नकोस.