ओल्या शाईचे मत

क्लेमंट ऑडली ब्रॅकनबरी. जन्म १९४१, मृत्यू २०२२. राहणार थॉर्लबी, लिंकनशायर. वजनमापे निरीक्षक म्हणून चौतीस वर्षे नोकरी. त्यानंतर निवृत्त, आणि निवृत्तीचे कामही त्यांनी तितक्याच कसोशीने पार पाडले.

दुकानदाराचा तराजू खरा ठरेपर्यंत खोटा मानायचा, ही त्यांच्या खात्याची रीत. ब्रॅकनबरी यांनी ती पक्षनेत्यांनाही लावली होती. फरक इतकाच की तराजू अधूनमधून खरे निघत. आयुष्यात एकदाच त्यांनी एका नेत्यावर विश्वास टाकला. १९७५ साली युरोपच्या सामायिक बाजारात राहावे की नाही यावर सार्वमत होते, तेव्हा त्यांच्या पक्षाच्या पुढाऱ्याने दूरदर्शनवर शपथेवर सांगितले की युरोपशी आपला संबंध केवळ बाजारापुरता. आणि ब्रॅकनबरी यांनी ‘राहावे’ असे मत दिले. पुढे युरोपच्या नियमाखातर कसायाच्या तराजूवरचा पौंड हटवून तिथे किलो बसवण्याचे काम सरकारने त्यांच्याच हाती सोपवले. थॉर्लबीचा एकही कसाई त्यांच्याशी नंतर नीट बोलला नाही. ते मत मागे घेण्यासाठी त्यांनी एकेचाळीस वर्षे वाट पाहिली, आणि २०१६ च्या जूनमध्ये युरोपीय युनियनमध्ये राहावे की बाहेर पडावे या सार्वमताने ती संधी आली.

त्यांच्या पत्नी विनिफ्रेड यांचे मत उलट होते. मतदानाच्या सकाळी न्याहारीच्या वेळी त्यांनी तहाचा प्रस्ताव मांडला.

“क्लेम, तुझं एक मत, माझं एक. एकातून एक गेलं, शून्य. पावसात दोघांनी कशाला भिजायचं? घरीच बसू. मी रूबार्बचा केक करते.”

“आणि मी बागेत गेलो की तू मागच्या दाराने सटकशील.”

“पन्नास वर्षांच्या संसारानंतर हा विश्वास?”

“तुझ्यावर आहे गं, विन. मागच्या दारावर नाही.”

तह फिसकटला. दोघे एकाच छत्रीखालून मतदानाला आले.

थॉर्लबीच्या सभागृहात त्या दिवशी केंद्राध्यक्ष मी होतो. गावच्या शाळेतून निवृत्त झाल्यापासून ते काम माझ्याकडे असे. त्या आठवड्यात एक अफवा फार जोरात होती. मतदानाच्या कोनाड्यात दोरीला बांधलेली पेन्सिल असते ती मुद्दाम. संध्याकाळी गुप्तहेर खात्याची माणसे रबर घेऊन बसणार आणि ‘बाहेर पडावे’ची प्रत्येक फुली खोडणार. ज्या सरकारला आमच्या सभागृहाचे गळके छप्पर सहा वर्षांत दुरुस्त करता आले नव्हते, त्याच्या अंगी एवढी कार्यक्षमता असेल असे मानणे हा खरे तर सरकारचा गौरव होता. तरीही निम्मे गाव घरून पेन घेऊन आले.

“पेन्सिल आत ठेवलेली आहे, मिस्टर ब्रॅकनबरी,” मी म्हणालो.

“असेल. मी माझं आणलंय, मास्तर.” त्यांनी खिशातून फाउंटन पेन काढले, जाड निबाचे, ज्याने ते दुकानदारांच्या दाखल्यांवर सही करीत.

स्वतःचे पेन वापरण्यास नियमाची हरकत नव्हती. ते आत गेले, टेबल हलेल इतक्या जोराने फुली मारली, कागदाची नेमकी मधोमध घडी घातली आणि तो पेटीत सोडला. फुली मारल्याचा आवाज आणि पेटी यांत सहा सेकंदांचे अंतर असावे. शाई वाळायला एवढा वेळ पुरत नाही हे मला कळत होते. पण विचारल्याशिवाय मतदाराला सल्ला देऊ नये असे नियमपुस्तिकेत लिहिलेले होते, आणि त्यांनी विचारले नाही. विनिफ्रेडबाईंनी पेन्सिलीने ‘राहावे’वर फुली मारली आणि दोरी नीट गुंडाळून ठेवली.

घरी गेल्यावर ब्रॅकनबरी यांना आपल्या अंगठ्यावर शाई दिसली. दुसरा माणूस साबण घेतो. त्यांनी प्रयोग मांडला. मतपत्रिकेचा नमुना घरोघरी आलेल्या पत्रकात होता: वरची चौकट ‘राहावे’ची, खालची ‘बाहेर पडावे’ची. तेवढ्याच आकाराचे पाच कागद कापून, स्वयंपाकघरातले घड्याळ समोर ठेवून, त्यांनी प्रत्येकाच्या खालच्या चौकटीत फुली मारली आणि सहाव्या सेकंदाला घडी घातली. पाचपैकी तीन कागदांवर वरच्या चौकटीतही फुली उमटली. फिकी, पण फुलीच.

संध्याकाळी पाच वाजता ते छत्रीशिवाय धावत सभागृहात आले.

“पेटी उघडा.”

“ती सीलबंद आहे.”

“माझा कागद खराब झालाय. मला दुसरा द्या.”

“पेटीत टाकण्याआधी मागितला असता तर दिला असता.”

“मास्तर, तुम्ही तिथेच बसला होतात. दिसलं होतं ना तुम्हाला?”

“दिसलं होतं.”

“मग बोलला का नाहीत?”

“नियम आहे.”

“बरोबर केलंत,” ते म्हणाले. नियम मानणारा माणूस होता. त्यांनी मला दोष कधी दिला नाही आणि क्षमाही कधी केली नाही.

आमच्या तालुक्याने दणदणीत बहुमताने बाहेर पडण्याचा कौल दिला. बाद मतांची यादीही प्रसिद्ध झाली: ‘दोन्ही उत्तरांवर खूण – एकोणीस.’

“म्हणजे माझं मत बिनविरोध निवडून आलं की रे!” विनिफ्रेडबाई म्हणाल्या. त्या दिवशी ब्रॅकनबरी जेवले नाहीत.

त्या एकोणीस कागदांत आपला आहे का, एवढाच प्रश्न त्यांनी निवडणूक कचेरीला पत्रामागून पत्र पाठवून विचारला. मत गुप्त असल्याने ते कोणालाही सांगता येत नाही, मतदारालाही नाही, असे प्रत्येक वेळी सभ्य उत्तर आले. वर्षभराने मतपत्रिका नियमानुसार नष्ट करण्यात आल्या आणि पत्रे थांबली.

एव्हाना लंडनमध्ये पुढाऱ्यांचा खेळ रंगला होता. राहण्याच्या बाजूने बोललेले नेते बाहेर पडण्याची जबाबदारी शिरावर घेत होते; बाहेर पडण्याचे रान उठवलेले नेते ती जबाबदारी पाहताच राजीनामा देत होते. विरोधी पक्षाच्या धोरणाविषयी त्या पक्षालाच इतके कुतूहल होते की ते दर पंधरवड्याला नव्याने शोधले जाई. अशात पुन्हा मतदान घ्यावे, अशी मागणी पुढे आली. बाजारचौकात दर शनिवारी युरोपचे निळे झेंडे लावून सह्या गोळा होऊ लागल्या. फ्रेंच शिकवणाऱ्या रोझलिंड फॅनशॉ या त्या टेबलाच्या प्रमुख. एका शनिवारी ब्रॅकनबरी तिथे जाऊन उभे राहिले.

“अगंबाई! तुमचंसुद्धा मन बदललं तर!”

“मन नाही, बाई. कागद बदलायचाय.”

त्यांनी सही केली आणि पुढचे चौदा शनिवार त्या टेबलामागे पत्रके वाटली. येणाऱ्याला पत्रक देताना ते प्रामाणिकपणे सांगत की पुन्हा मतदान व्हायला हवे, आणि झाले की कृपा करून बाहेर पडण्यालाच मत द्या. फॅनशॉबाईंनी त्यांना हळूहळू सरबराईच्या कामावर हलवले.

ते सभासद असलेल्या, हिरवळीवर गोळे घरंगळवणाऱ्या बोलिंग क्लबात मात्र हलकल्लोळ झाला. कप्तान नॉर्मन डगल्बी हिरवळीच्या कडेलाच त्यांच्यावर घसरला.

“क्लेम, लाज वाटते का? त्यांच्यात जाऊन बसलास?”

“मी कुणातच नाही. मला मत द्यायचंय.”

“दिलंस ना एकदा!”

“अरे, तेच तर माहीत नाही!”

क्लबने त्यांना संघातून वगळले. २०१९ च्या डिसेंबरात निवडणुकीचा उमेदवार त्यांच्या दारात आला आणि छातीवर हात ठेवून म्हणाला, “लोकांचा कौल आम्ही ऐकलाय, सर.”

“त्यात माझा होता का?”

उमेदवाराने घड्याळ पाहिले आणि शेजारचे दार गाठले.

पुन्हा मतदान झाले नाही. पुढल्या जानेवारीअखेर देश युनियनबाहेर पडला. क्लबात बिअर वाहिली, फॅनशॉबाईंकडे सुतकी चहा झाला. ब्रॅकनबरी दोन्हीकडे गेले नाहीत. जवळजवळ पंचेचाळीस वर्षांनी हवे ते घडले होते, आणि ते आपल्यासह घडले की आपल्यावाचून, हे त्यांना ठाऊक नव्हते. त्यानंतरच्या कोणत्याही निवडणुकीत त्यांनी मत दिले नाही. विनिफ्रेडबाईंनीही दिले नाही; मतदानाच्या दिवशी त्या मागच्या दाराला कुलूप लावून किल्ली नवऱ्याच्या हाती देत.

२०२२ च्या मार्चमध्ये फुप्फुसाच्या विकाराने ते गेले. अंत्यविधीला दोन मोठी पुष्पचक्रे आली, एक क्लबचे, एक फॅनशॉबाईंच्या मंडळाचे. दोघांनीही त्यांना आपला माणूस म्हटले होते. हिरवळीच्या कडेला त्यांच्या नावाचे लाकडी बाक ठेवायचे ठरले. त्यावर ‘ज्यांनी देशाच्या स्वातंत्र्यासाठी मत दिले’ असे कोरावे, असे डगल्बीने सुचवले. फॅनशॉबाईंना ‘ज्यांना फेरविचाराचे धैर्य होते’ हे हवे होते. दोघेही मजकूर घेऊन विनिफ्रेडबाईंकडे गेले.

“पुरावा आहे?” त्यांनी डगल्बीला विचारले.

नव्हता.

“आणि फेरविचार त्यानं एकदाही केला नाही,” त्यांनी फॅनशॉबाईंना सांगितले.

बाक बसवले आहे. नाव आणि दोन साले कोरली आहेत. त्याखाली एका ओळीची जागा सोडली असून, तिचा मजकूर अद्याप ठरायचा आहे.