तुपातल्या फुलवाती आणि माझी फुफ्फुसं

“तुमच्या फुफ्फुसांत चरबी सापडलीय. बाहेरून गेलेली,” डॉक्टर म्हणाले. “याला लिपॉइड न्यूमोनिया म्हणतात. तुम्ही काही ओढता का?”

लिपॉइड न्यूमोनिया म्हणजे तेल, तूप असं काहीतरी श्वासावाटे फुफ्फुसात उतरतं आणि तिथे सूज येते. हे मला नंतर नीट कळलं. त्या क्षणी मला फक्त शेजारी बसलेल्या सासूबाई दिसत होत्या, मांडीवर माझी फाइल घेऊन.

मी म्हटलं, “नाही डॉक्टर, काहीच नाही.”

हे सगळं लिहायला बसलेय ते या एका वाक्यापायी. तुम्हीही माझ्यासारखं लपूनछपून ओढत असाल, तर पुढचं वाचाच.

मी जोगेश्वरीला राहते. अंधेरीच्या एका कंपनीत दिवसभर फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकते. नवरा बोटीवर नोकरीला, त्यामुळे घरी मी आणि सासूबाई. ऑफिसातल्या मैत्रिणीने एकदा ई-सिगारेट हातात ठेवली. “वास येत नाही गं, घरी कळणारपण नाही,” म्हणाली. खरंच नाही कळलं. बाथरूमचा एक्झॉस्ट फॅन इमानी निघाला.

त्या यंत्राच्या पोटात तारेचं बारीक वेटोळं असतं आणि त्यात ओवलेली वात. वात द्रव शोषते, तार तापते, वाफ होते. माझ्या यंत्रातली वात कापसाची होती. कापूस काही दिवसांनी काळा पडतो आणि घशात जळकट चव येते. ई-सिगारेटवर सरकारी बंदी असल्यामुळे सुटे भाग मिळेनात, तेव्हा मी स्वतःच वात बदलायला शिकले. घट्ट ओवली तर द्रव चढत नाही, सैल ओवली तर गळतो. माझा हात इतका बसला होता की मला त्याचा चक्क अभिमान वाटायचा.

कापूस घरचाच. सासूबाई दुपारी टीव्हीसमोर पाय पसरून वाती वळतात, घरच्या आणि शेजारच्या देवळाच्याही. एकदा कोरा कापूस संपला होता. फ्रिजमध्ये मात्र डबाभर फुलवाती होत्या, साजूक तुपात बुडवून गोठवलेल्या. मी दोन उचलल्या, गरम पाण्यात धुतल्या, वाळवून लांब वळल्या. घरी कढवलेलं तूप, राहिलं थोडं तर काय बिघडतंय! पुढे धुवायचाही कंटाळा आला. नुसतं फडक्याने टिपायचे. असे तीन महिने काढले मी, शिकलेल्या बाईने.

आधी कोरडा खोकला आला. मग कणकण, मग दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत धाप. अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले. एक्सरेत पांढरे डाग दिसले, टीबीचा संशय आला, पण थुंकीत जंतू सापडेनात. ऑक्सिजन सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण, उतरलं तेव्हा मला दाखल केलं.

सीटी स्कॅनच्या बाहेर मी बाकावर बसायची, उठायची, पुन्हा बसायची. बोटाला लावलेल्या यंत्रातला आकडा मिनिटाला तीनदा बघायची. ब्रॉन्कोस्कोपी झाली. नाकातून बारीक नळी फुफ्फुसात घालून पाणी सोडतात आणि तेच परत ओढून तपासतात. त्या पाण्यात चरबीने भरलेल्या पेशी दिसल्या. म्हणून डॉक्टरांनी तो प्रश्न विचारला होता, आणि मी बेधडक खोटं बोलले होते.

दुसऱ्या सकाळी ते पुन्हा आले. “कारण सापडत नाहीये. भूल देऊन फुफ्फुसाचा छोटा तुकडा काढावा लागेल, बायोप्सी. यात धोका अजिबात नाही असं मी म्हणणार नाही.”

तेवढ्यात सासूबाई उभ्या राहिल्या.

“डॉक्टरांनू, माझ्या धुपान तर नाय ना झाला ह्या? हिचो खोकलो वाढलो तसो मी धूप लावूक बंद केलंय. आधीच करूक होयो होतो.”

म्हणजे इतके दिवस ही बाई स्वतःलाच बोल लावत होती. मला माझी इतकी लाज कधीच वाटली नव्हती. मी सगळं सांगून टाकलं. यंत्र, फॅन, फ्रिजमधला डबा. शेवटी रडायलाच लागले.

“रडाचा मागसून,” सासूबाई म्हणाल्या. “आधी काय काय ओढलंस ता सगळा डॉक्टरांक सांग.” मग त्या बाहेर गेल्या आणि तासभर आल्या नाहीत. तो तास मला सगळ्या तपासण्यांहून जड गेला.

डॉक्टर रागावले नाहीत. “हे काल सांगितलं असतं तर एक रात्र वाचली असती,” एवढंच म्हणाले. “आणि नुसता कोरा कापूस वापरला असता तरी मी हेच सांगितलं असतं, बंद करा. फुफ्फुस हवेसाठी असतं.” बायोप्सी टळली. ऑक्सिजन आणि स्टेरॉइड, म्हणजे सूज उतरवणारी औषधं, यांवर मी हळूहळू सावरले.

ओढावंसं अजून वाटतं. हात उगाच पर्स चाचपतात. घरी कुणापाशी तरी बोला, डॉक्टरांपाशी तर बोलाच. लाज दोन दिवसांत ओसरते.

आता रोज संध्याकाळी सासूबाईंबरोबर चालून येते. परतताना जिन्याच्या प्रत्येक वळणावर त्या कठडा धरून थांबतात. “थांब गो, माझे गुडघे दुखतत,” म्हणतात, आणि माझा श्वास जागेवर येईपर्यंत हलत नाहीत.

त्यांचे गुडघे ठणठणीत आहेत. आमच्या घरात आता एवढं एकच खोटं चालतं.