खाच नसलेलं यंत्र

गेमचे कन्सोल बनवणाऱ्या कारखान्यात ताईंचा विभाग डिस्कच्या खाचेचा होता. डिस्क आत सरकताना घोट गिळल्यासारखा मऊ आवाज यायला हवा. नाही आला तर यंत्र मागे. याच कामात त्यांचे केस पिकले.

विक्री घसरत चालली होती, म्हणून साऱ्यांची भिस्त नव्या यंत्रावर होती. ते दाखवायला मालकांनी सगळ्यांना कॅन्टीनमध्ये बोलावलं आणि वरचं कापड दूर केलं. टाळ्या वाजल्या. ताईही वाजवत होत्या, आणि वाजवता वाजवता त्यांचे हात थबकले. यंत्राला पुढे, मागे, बाजूला, कुठेच खाच नव्हती.

"साहेब, डिस्क कुठून घालायची?" त्यांनी विचारलं.

"डिस्क गेली, ताई. गेम आता थेट इंटरनेटवरून उतरणार. यंत्र स्वस्त झालं तरच कंपनी तरेल."

शेजारी उभ्या असलेल्या कामगार बाईने ताईंच्या हातात पाण्याचा ग्लास दिला, तो त्यांनी नुसताच धरून ठेवला.

घरी नवऱ्याने विचारलं, "चेहरा का असा पांढराफटक?"

"नवं यंत्र आलं. त्यात आमचं कामच नाही," एवढंच त्या बोलल्या आणि पंख्याखाली बसून राहिल्या.

यंत्र खपलं, कंपनी सावरली. खाचेचा विभाग बंद झाला आणि ताई पॅकिंगला गेल्या. तिथे बसायला खुर्ची होती, पगारही तेवढाच होता. "मग अजून मनाला काय लावून घेता?" जावेनं एकदा विचारलं.

"काम गेलं त्याचं एवढं नाही गं," ताई म्हणाल्या. "पण आधी कुणी एका शब्दाने सांगितलं नाही."