पीटी बाई आणि चोवीसची किटली

पीटी बाईंशी घासाघीस करता येत नसे. वाशीमला जुन्या मोटरसायकली घेण्या-विकण्याच्या धंद्यात मी पंचवीस वर्षं काढली. दुसऱ्याच्या गॅरेजात पाने पुसत सुरुवात केली. आज खाली स्वतःचं दुकान आहे, वर घर आहे. माणूस गाडीवरून उतरतो कसा, यावरून तो किती खाली येईल हे मला कळतं. पण बाईंनी वीस म्हटलं की वीस. पंधरावर मिटवू म्हटलं, तर ऐकूच आलं नाही अशा चेहऱ्याने त्या पुढच्या माणसाकडे जात. नाही म्हणणाऱ्याशी भांडता येतं. न ऐकणाऱ्याशी कसं भांडणार?

बाई अनसिंगच्या शाळेत पी.टी. शिकवून रिटायर झालेल्या. वाशीमला त्यांच्या घरामागे पत्र्याची शेड होती आणि तिथे भिंतीशी केटलबेल मांडलेल्या असत. लोखंडी गोळा आणि वर कडी; दिसायला चहाच्या किटलीसारखा, म्हणून सगळे किटलीच म्हणत. चार किलोपासून चोवीसपर्यंत. सकाळी सहाला गल्लीतल्या बायका येत, पोलीसभरतीच्या मुली येत आणि साखर वाढलेले आमच्यासारखे दुकानदार येत. दोन वर्षांत मी चोवीसवर पोचलो होतो. दोन्ही हातांनी कडी धरायची, पायांमधून मागे नेऊन छातीपर्यंत झुलवायची, सलग वीस वेळा. माझ्याखेरीज हे फक्त आमच्या चौकातल्या पत्रेवाल्या शेठला जमायचं, आणि त्याचं-माझं पटत नाही हे साऱ्या चौकाला ठाऊक आहे.

दिवाळीनंतर एका सकाळी दुकानात एका जुन्या गाडीची किक उलटी आली आणि माझा उजवा गुडघा गेला. आतला दोर, डॉक्टरांच्या भाषेत लिगामेंट, अर्धा फाटला होता. डॉक्टरांनी सहा आठवडे पट्टा बांधला आणि सांगितलं, पुढच्या तीन महिन्यांत मांडीत ताकद आली तर ठीक, नाहीतर ऑपरेशन. स्वतः चालवून पाहिल्याशिवाय मी आजवर एकही गाडी घेतलेली नाही. दुसऱ्याच्या सांगण्यावरून गाडी घेणारा या धंद्यात वर्षभर टिकत नाही. त्यामुळे गुडघा गेला म्हणजे माझ्यासाठी दुकानच गेलं होतं.

पट्टा सुटला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी शेडमध्ये गेलो आणि सरळ चोवीसच्या कडीला हात घातला. बाईंनी प्लास्टिकची खुर्ची आणून माझ्यासमोर ठेवली. बसा म्हणाल्या. बसलो. उठा म्हणाल्या. उठलो.

"आता गुडघ्याले हात न टेकवता," त्या म्हणाल्या.

हात टेकवला होता हे मला तोवर कळलंच नव्हतं. पंधरा दिवस मी त्या खुर्चीवर उठबस केली. शेजारी सत्तरी ओलांडलेल्या गोदाआजी लुगड्याचा काष्टा घट्ट करून चारची किटली झुलवायच्या आणि माझ्याकडे बघून पदर तोंडाला लावायच्या.

सोळाव्या दिवशी माझ्या हातातही तीच चारची किटली आली. मी म्हटलं, बाई, बारा द्या. बरं, तुमचं नाही, माझं नाही, आठवर तोडू. त्या दिवशी पहिल्यांदाच बाईंनी मला उत्तर दिलं.

"भाऊ, मी मानलं असतं. पण त्या गुडघ्याले भाव समजत नाही."

त्यांचा आणखी एक नियम होता. किटली खाली ठेवताना आवाज झाला की तो फेरा धरायचा नाही. त्या पाठमोऱ्या उभ्या राहून मोजत, तरी फरशीला लोखंड लागल्याचं त्यांना बरोबर कळे. उचलायले जोर लागते आणि ठेवायले अक्कल, असं त्यांचं म्हणणं. मी तापट माणूस. दुकानाचं शटरही माझ्या हातून आपटल्याशिवाय बंद होत नाही. पहिल्या आठवड्यात मी घामाघूम होऊन थांबलो की भरतीची एखादी पोरगी म्हणायची, "काका, तुमचं खातं अजून उघडलंच नाही." चार किलोसाठी मला वाकून, कंबर मागे नेऊन, श्वास धरून, गुडघा जागेवर ठेवून खाली जावं लागलं. मांडी थरथरायची. तोच खरा व्यायाम होता, हे मला फार उशिरा समजलं.

दरवर्षी भीमजयंतीला आमच्या भागात स्टेज पडतं आणि बाईंची माणसं त्यावर किटल्यांची कसरत दाखवतात. चोवीसचा मान माझा. मार्च संपला तेव्हा मी आठवर होतो. अकोल्याला एक जिम बंद होत होती; तिथून मी भंगाराच्या भावात चोवीसची किटली उचलली आणि दुकानामागच्या गोदामात गुपचूप झुलवू लागलो. तिसऱ्या दिवशी गुडघा नारळाएवढा झाला. तरी फुलपँट घालून शेडमध्ये गेलो. बाई दारात होत्या. मी पायरीवर बसून चपला काढल्या एवढंच त्यांनी पाहिलं.

"कितीची उचलली?"

मी खरं ते सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. आत जाऊन तीच खुर्ची घेऊन आल्या. डॉक्टर मात्र रागावले. आणखी दोन महिने पाहू, म्हणाले, मग टेबलावर.

आणि जयंतीच्या दिवशी बाईंनी काय करावं? चोवीस पत्रेवाल्याला दिली, आणि त्याच स्टेजवर, साऱ्या वस्तीसमोर, मला खुर्चीवर उठबस करायला लावलं. बाजूला गोदाआजी. खाली उतरलो तर पत्रेवाला म्हणतो, "भाऊ, खुर्ची मस्त उचलली तुमी."

मी बाईंना गाठलं आणि तोंडात येईल ते बोललो. काहून केलं असं, माझी काही इज्जत आहे की नाही, सगळं विचारलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"त्यायले पाहून लोक टाळ्या वाजवतीन अन् घरी जातीन," त्या म्हणाल्या. "तुमाले पाहून एखादा तरी उद्या येईन."

पुढच्या आठवड्यात गुडघे धरून चार नवी माणसं शेडमध्ये आली, हे खरं आहे. तरी मी ती खुर्ची विसरलेलो नाही आणि विसरणारही नाही.

त्यानंतर मात्र मी एकही किलो चोरून उचलला नाही. आठ, बारा, सोळा. मी सोळावर असताना बाई नागपूरला लेकीकडे निघाल्या, कायमच्या. लेकीचे दिवस भरत आले होते. मी म्हटलं, महिनाभर थांबा, माझी चोवीस बघून जा. तुमच्या किटलीसाठी लेकरू थांबते काय, म्हणाल्या. मी रुसलो. स्टँडवर बायको शिदोरी घेऊन गेली. मी दुकानात बसून गिऱ्हाइकांवर खेकसत राहिलो.

शेडची किल्ली आता गोदाआजींकडे असते. महिन्याने, एका रविवारी, मी चोवीसची किटली सलग वीस वेळा झुलवली आणि खाली ठेवली. डॉक्टरांनीही ऑपरेशनचं नाव सोडलं होतं. मी लगेच नागपूरला फोन लावला. तिकडे बाळ रडत होतं.

"आज नका सांगू," बाई म्हणाल्या. "उद्या सकायी घरचा जिना उतरा अन् मंग सांगा."

गुडघा दुखावलेल्याला चढण्यापेक्षा उतरणं जड जातं. सहा महिने मी जिन्यावर कठडा धरून, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत उतरलो होतो. पण त्या क्षणी मला कौतुक हवं होतं. मी फोन कापला.

सकाळी दुकानासमोर एक जण गाडी विकायला आला होता आणि आमचा मेकॅनिक त्याच्याशी भलताच भाव बोलत होता. वरून ते माझ्या कानावर पडलं आणि मी ओरडतच खाली गेलो. सौदा पटला, गाडी एक चक्कर चालवून पाहिली, तेव्हा कुठे फोनची आठवण झाली.

"उतरले?" बाईंनी विचारलं.

"उतरलो."

"आधी कोणता पाय टाकला?"

मी आठवून पाहिलं. काही केल्या आठवेना. तसं सांगितलं.

"मंग बरा झाला तुमचा गुडघा," त्या म्हणाल्या. "आता त्याच्यासाठी मले फोन नका करत जाऊ."

दुसऱ्या कशासाठी करावा, हे त्यांनी सांगितलं नाही. मलाही अजून काही सुचलेलं नाही.