साडूच्या चपलेचा साचा

आमच्या गल्लीत प्लास्टिकच्या वस्तूंचे साचे करणारा एक कारागीर राहतो. त्याचं खरं नाव बहुधा त्याच्या बायकोलाही चटकन आठवायचं नाही. सगळे त्याला सूतभर म्हणतात. काहीही दाखवा, हा एक डोळा मिटून बघणार आणि म्हणणार, "सूतभर चुकलंय." शेजाऱ्याने नवं कपाट आणलं, ते सूतभर चुकलं. भाचीला दाखवायला मुलगा आणला, तोही सूतभर चुकला. याच्या स्वतःच्या डोक्यातही कल्पना पुष्कळ, पण त्याही सूतभर चुकलेल्या असल्यामुळे आजवर एकही बाजारात गेलेली नाही.

सासुरवाडीत मात्र त्याचं राज्य. घरात काहीही मोडलं की सासूबाईंचं ठरलेलं, "थोरल्या जावयांना बोलवा." पंचवीस वर्षं हे ऐकून ऐकून गड्याची छाती चांगली रुंद झाली होती.

धाकटा जावई, म्हणजे त्याचा साडू, औषधाच्या दुकानात कामाला. कानस कोणत्या बाजूने धरायची हेही त्याला ठाऊक नाही. पण काउंटरमागे उभं राहून तो एक गोष्ट बघत होता: म्हातारी माणसं औषधाची बाटली घेऊन जातात आणि तासाभराने झाकण उघडून घ्यायला परत येतात. एका रविवारी तो सासूबाईंकडे आला तो जुन्या रबरी चपलेतून कापलेलं एक जाड कडं घेऊन. झाकणावर दाबलं, फिरवलं, झाकण हातात. सासूबाईंनी घरातल्या चारही बाटल्या उघडल्या, बंद केल्या आणि पुन्हा उघडल्या.

"काय डोकं आहे हो धाकट्यांचं," त्या म्हणाल्या.

सूतभर समोरच बसला होता. चहा त्याला एकाएकी कडू लागला. "चपलेने बाटली उघडायची," तो म्हणाला. "छान. आता टोपीने जेवायचं कधीपासून?"

साडू मनापासून हसला. त्याचं हे हसणंच सूतभरच्या डोक्यात जातं. "दादा, हे प्लास्टिकमध्ये करून दुकानात ठेवायचं म्हणतोय. साचा तुम्हीच करायचा."

सूतभरने कडं हातात घेतलं आणि खोट कुठे आहे ते त्याला तिथल्या तिथे कळलं. रबर दबतं, म्हणून लहानमोठ्या सगळ्या झाकणांना धरतं. कडक प्लास्टिक दबायचं नाही. जसंच्या तसं केलं तर ते एकाच मापाला बसेल, बाकी सगळीकडे गरगर फिरेल. आतून निमुळतं हवं आणि बारीक दाते हवेत. एवढं एक वाक्य बोलायचं होतं.

दुसऱ्याची चूक दाखवल्याशिवाय ज्याला घास गिळत नाही, तो माणूस म्हणाला, "ठीक आहे. करू."

बायकोने मान वळवून त्याच्याकडे बघितलं. संसारात पहिल्यांदाच तिचा नवरा कशाला तरी ठीक आहे म्हणाला होता.

साचा त्याने केला, चपलेबरहुकूम. पन्नास कडी निघाली आणि साडूने ती दुकानात येणाऱ्यांना वापरून बघायला वाटली. त्या आठवड्यात सूतभरचं डोकं फार दुखलं. रोज गोळी आणायला म्हणून तो दुकानाकडे जायचा आणि दाराशी रेंगाळायचा. एक आजोबा बाटलीवर कडं फिरवत होते, फिरवत होते, आणि झाकण जागचं हलत नव्हतं. सूतभर घरी आला आणि दोनदा भात मागून घेतला.

पुढच्या रविवारी साडू वही घेऊन हजर. चेहरा पडलेला असावा की नाही? तर नाही.

"दादा, गंमत झाली. सदतीस जणांनी वापरलं, एकतीस जणांनी नावं ठेवली. सगळं लिहून घेतलंय."

"मग आता बंद?"

"बंद कशाला? एका आजोबांनी आत रुमाल घालून उघडून दाखवलं. म्हणजे आतून धरायला काहीतरी पाहिजे, हे कळलं ना."

आता याला काय म्हणायचं? माणसाने तोंडावर आपटावं, तर हा खाली पडून जमिनीची मापं घेऊन उठतो. सूतभर आतल्या आत धुमसत राहिला.

"पण तुम्हाला पुन्हा त्रास नको," साडू म्हणाला. "मागच्या गल्लीतल्या साचेवाल्याला दाखवलं. तो म्हणाला, आतून निमुळतं करू, दाते देऊ. पहिल्या कारागिराला एवढंही कळू नये, याचं त्याला नवल वाटलं."

सूतभर उठून उभाच राहिला. साडूवर जळणं घरातल्या घरात होतं. मागच्या गल्लीतल्या साचेवाल्यावर तो गेली वीस वर्षं जळत होता.

"तो?" सूतभर म्हणाला. "त्याच्या बादल्यांना कडेने प्लास्टिकची दाढी असते. बोटं कापतील आईंची. आण ती वही इकडे."

अकरा दिवस तो साच्याला चिकटून होता. हाताला साबण लावून त्याने सतरा बाटल्या उघडून पाहिल्या. सासूबाईंची बोटं सांध्यांत सुजलेली, म्हणून बाहेरची पकड रुंद केली. एक दाता रुतत होता, तर दोन दिवसांचं काम मोडून पुन्हा केलं. तोंडाने साडूला शिव्यांची लाखोली चालूच होती. पण जे कडं निघालं ते असं की औषधाच्या दुकानात पुरेना आणि शेजारची दुकानं मागू लागली.

सासूबाईंनी पुन्हा सगळ्या बाटल्या काढल्या. "धाकट्यांनी नाव काढलं हो," त्या म्हणाल्या.

"साचा दादांचा आहे," साडू म्हणाला.

"असेल की. डोकं तुमचं. सांगितल्यावर साचा काय, कोणीही करतो."

सूतभरने तोंड उघडलं. सांगण्यासारखं खूप होतं. पण निमुळतं का, दाते का, हे आपल्याला कळतं म्हणायचं, तर मग ते कधीपासून कळत होतं, हाही प्रश्न आला. तोंड मिटलं.

बायकोने हे सगळं बघितलं. "असं नाही हं आई," ती म्हणाली. "हे कोणीही केलं असतं. पण ते पहिलं कडं यांच्याशिवाय कोणालाही जमलं नसतं."

सासूबाईंना वाटलं, लेक नवऱ्याचं कौतुक करतेय. त्यांनाही जरा भरून आलं. "मग ते जपून ठेवायला पाहिजे," म्हणून त्यांनी फिरत राहणारं ते पहिलं कडं काचेच्या कपाटात मधोमध मांडलं. येईल त्याला त्या सांगतात, हे आमच्या थोरल्यांच्या हातचं.

दर रविवारी सूतभर तिथे चहाला जातो. कपाटाकडे पाठ होईल अशी एकच खुर्ची आहे, आणि साडू तिच्यावर आधीच येऊन बसलेला असतो.