फुजैराच्या समुद्रात नूरा आणि मी

गेल्या शनिवारी सकाळी दहा वाजता मी फुजैराच्या समुद्रात, एका प्लास्टिकच्या होडीत बसून, मनातल्या मनात आईची माफी मागत होते. आई फेसबुकवर नाही म्हणून इथे लिहितेय... कुणी तिला सांगू नका.

शारजात येऊन मला तीन महिने झाले. इथल्या एका शाळेत मी गणित शिकवते, राहते अल नहदा नावाच्या भागात. पहिले दोन महिने शाळा, बस, फ्लॅट आणि बार्शीला व्हिडिओ कॉल, एवढंच. वीकेंडला तर पूर्ण दिवस एक शब्द बोलायला माणूस नसायचं.

मग रुखसाना आणि नूरा भेटल्या. रुखसाना सायन्सची टीचर, मूळची रत्नागिरीकडची, दहा वर्षं इथे आहे. नूरा इजिप्तची, अरबी शिकवते आणि अखंड बोलते. दोघींनी मला स्टाफरूममध्ये आपल्या टेबलावर ओढून घेतलं आणि माझे दिवसच बदलले.

फुजैराला जायचं ठरलं तेव्हा नूरानं विचारलं, "पोहता येतं ना?" मी म्हटलं, "थोडं थोडं." साफ खोटं. बार्शीत आम्ही पाणी साठवायला शिकतो, त्यात पडायला नाही! पण नाही म्हटलं असतं आणि पुढच्या वेळी त्यांनी मला बोलावलंच नसतं तर... ती भीती मला समुद्रापेक्षा मोठी वाटली.

किनाऱ्यावर कयाक, म्हणजे दोघींपुरत्या वल्ह्याच्या होड्या, भाड्यानं मिळत होत्या. रुखसानाचा गुडघा दुखत होता, ती छत्रीखाली डबे घेऊन बसली. "यल्ला, हबीबती!", म्हणजे चल गं लाडके, म्हणत नूरा पुढे बसली, मी मागे. लाइफ जॅकेट घातलं होतं, तरी त्याचा पट्टा मी तीनदा ओढून बघितला.

पहिली दहा मिनिटं छान गेली. पाणी हिरवं, तळाची वाळू दिसत होती. मग आम्ही एका खडकाच्या पलीकडे गेलो आणि डोंगराकडून वारा सुटला... आम्हाला पाठीमागून ढकलणारा, आत समुद्राकडे नेणारा.

"वळूया," मी म्हटलं. नूरानं जोरात वल्हं मारलं, होडी तिरकी झाली, आणि तिच्या हातातलं वल्हं निसटलं. बघता बघता हाताबाहेर गेलं. ते पकडायला ती वाकली तेव्हा मी इतक्या जोरात किंचाळले की ती दगडासारखी थांबली.

उरलेलं एक वल्हं मी मारत राहिले. होडी नुसती गोल फिरायची. पाणी आता काळंनिळं झालं होतं. लांब नांगरलेली तेलाची जहाजं मघाशी खेळण्यांसारखी होती, आता त्यांच्या अंगावरचा गंज दिसायला लागला. किनाऱ्यावरच्या छत्र्या मात्र टिकलीएवढ्या झाल्या होत्या.

आणि नूरा बोलायची थांबली. त्याची मला सगळ्यात जास्त भीती वाटली.

मी वल्हं मांडीवर ठेवलं. आणि बोलून टाकलं, "नूरा, आय ॲम सॉरी. मला पोहता येत नाही. अजिबात नाही."

ती मागे न वळता म्हणाली, "मलापण नाही."

मग तिनं सगळं सांगितलं. रुखसानाला पोहता येतं, मी थोडं थोडं म्हटलं होतं, मग तिनं एकटीनंच कसं नाही म्हणायचं? एवढी बडबडी, बिनधास्त नूरा, तीही माझ्यासारखीच घाबरली होती, की आपल्याला वगळतील.

हसू नाही आलं. रडूही नाही. पण त्यानंतर डोकं चालायला लागलं. मी म्हटलं, "हलायचं नाही. कुणाला तरी दिसायला हवं." नूरानं क्षणभर विचार केला आणि डोक्यावरचा पिवळा स्कार्फ सोडला. महिनाभराच्या ओळखीत मी तिचे केस कधी पाहिले नव्हते. तिनं तो वल्ह्याच्या टोकाला बांधला आणि मी वल्हं उभं धरलं. ती प्रार्थना पुटपुटत होती, मी रामरक्षा. मधेच विसरत होते, पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होते.

किती वेळ गेला माहीत नाही. मग मोटारबोटीचा आवाज आला. पुढच्या टोकाला दोन्ही हातांनी काठ धरून रुखसाना! तिला बघून मी उठायलाच लागले.

"उभी राहू नको गो! बस, बस खाली!" ती मराठीत ओरडत होती, आणि नूराही ते ऐकून गुपचूप बसून राहिली. बोट चालवणारा माणूस जवळ येतोय हे दिसताच मी माझी टोपी काढून नूराच्या डोक्यावर कानापर्यंत ओढली. तिनं माझा हात घट्ट धरला.

रुखसाना खाडीकाठी वाढलेली. वारा फिरलेला तिला आमच्याआधी कळला होता, खडकामागून आम्ही परत येईनात म्हणून ती बोटवाल्याला उठवत होती, तेवढ्यात तिला लांब पिवळं काहीतरी दिसलं.

किनाऱ्यावर आल्यावर तिनं आम्हाला जे झापलं! "येत नाही हे सांगायला काय तोंड शिवलं होतं तुमचं? मी काय मैत्रीण पोहणारीच हवी म्हणून जाहिरात दिली होती?" बोलता बोलता तीच रडायला लागली. मग आम्ही तिघीही... वाळूत बसून, कोळंबीच्या खिचडीचा डबा मांडीवर घेऊन.

या आठवड्यात रुखसानानं आमची पोहण्याची शिकवणी सुरू केली. तिच्या बिल्डिंगचा पूल, उथळ बाजू. शेजारी पाच वर्षांची पोरं सुळकन जातात आणि "डोन्ट बी स्केअर्ड, मिस!" म्हणतात. अजून काठ सोडायची हिंमत होत नाही. पण भीती वाटतेय हे मोठ्यानं म्हणता येतं, आणि ऐकायला दोन माणसं आहेत... परक्या गावात याहून जास्त काय हवं.