पुरा मिनिट

माझ्या मामेसासऱ्यांनी आजवर एकाही लेकराचा चेहरा पाहिलेला नाही. खोटं वाटत असेल तर जानेफळात कुणालाही विचारा. आरोग्यसेवक म्हणून उभी हयात काढली, मेहकर तालुक्यात गावोगाव सायकल हाणत हजारो लेकरं हातात घेतली, आणि प्रत्येकाचं पाहिलं काय, तर पोट. चारचौघं बाळ बघायला गेले की नाक कुणावर गेलं, रंग कुणाचा घेतला याची चर्चा करतात. मामा झबलं वर करतात, मनगटावरचं चावीचं घड्याळ कानाला लावून ते चालू असल्याची खात्री करतात, आणि मग पुरं एक मिनिट त्या पोटाकडे टक लावून बसतात. त्या मिनिटात घरात कुणी शिंकलेलंही त्यांना खपत नाही. मिनिट संपलं की आकडा जाहीर होतो. "अडतीस. झकास." झालं, बाळ बघून झालं. मुलगा आहे की मुलगी, हेसुद्धा ते पुष्कळदा न बघताच परत येतात आणि मग मामींचा ओरडा खातात.

एकदा मेहकरच्या बसस्टँडवर एक सहा फुटी कंडक्टर त्यांच्या पाया पडला. "मामा, ओळखलं का? लहानपनी तुमीच मले वाचवलं होतं." मामांनी त्याला नीट न्याहाळलं आणि म्हणाले, "तोंडावरून नाई बा ध्यानात येऊन राह्यलं. शर्ट वर कर बरं." आणि त्या भल्या माणसानं भर फलाटावर शर्ट वर केला की हो! मी शेजारी मामांची पिशवी धरून उभा होतो. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. मामांनी मात्र त्याच्या सुटलेल्या पोटावर थाप मारली आणि विचारलं, "घरी चूल हाय का ग्यास?"

आमच्याकडची जुनी माणसं लहान लेकराच्या न्यूमोनियाला 'डब्बा' म्हणतात. छाती भरते, पोट डब्ब्यासारखं फुगतं आणि भात्यासारखं उडायला लागतं, म्हणून डब्बा. हा डब्बा मामांचा जन्माचा वैरी. त्याचे सगेसोयरे मामांना तोंडपाठ: धूर, कोंदट खोली, माणसांची गर्दी, चुकलेली लस, अशक्त जन्मलेलं लेकरू आणि आईचं सोडून बाटलीचं दूध. ही यादी ते बारशाला म्हणतात, लग्नात म्हणतात, एकदा तर तेराव्यालाही म्हणाले होते. एका गावात ओसरीवरूनच ते गरजले, "या घरातली बाटली पहिले बंद करा!" आत बाळाची आई चपापली, पण तिच्या आधी तिचा नवरा मागच्या दारानं पसार झाला, तो संध्याकाळपर्यंत आलाच नाही.

बिडीशी तर त्यांचा उभा दावा. मांडीवर लेकरू आणि बोटात बिडी असा माणूस दिसला की ते समोर जाऊन उभे राहणार. "हातात येकच काय ते धर बे. लेकरू नाईतर बिडी." एका लग्नात एकानं थट्टेनं बिडी धरली. मामांनी शांतपणे त्याचं लेकरू उचललं आणि वऱ्हाडातून चालते झाले. जेवणाच्या पंगती उठल्या तरी पत्ता नाही. आईचं रडणं, बापाची धावाधाव, आणि लेकरू गावाबाहेर लिंबाच्या झाडाखाली मामांच्या उपरण्यावर गाढ झोपलेलं. "हवा खाऊन राह्यलं ते," मामा म्हणाले, "काऊन उठवता?"

माझं लग्न जमवायला ते देऊळगाव राजाला आमच्या घरी आले, तेव्हा त्यांनी मला काहीच विचारलं नाही. शिक्षण नाही, पगार नाही. थेट स्वयंपाकघरात गेले, भिंतीवरून बोट फिरवलं आणि ते काळं बोट आमच्या वडिलांच्या नाकासमोर धरलं. "पोरगं चांगलं असन. पन या खोलीले खिडकी नाई." वडील तालुक्याच्या कचेरीत कारकून, साहेबाचंही ऐकून न घेणारा माणूस. पण दुसऱ्याच आठवड्यात गवंडी आला आणि स्वयंपाकघराची भिंत फुटली. तेव्हापासून सासरी मी 'खिडकीवाला जावई'. बायको माझ्यावर चिडली की आजही ऐकवते, "मामांनी खिडकी पाहून देलं मले, तुमाले पाहून नाई."

तर अशा या माणसाच्या भाचीच्या घरात, म्हणजे आमच्याच घरात, आमची लेक पूनम पहिल्या बाळंतपणाला आली. भादव्यात नात झाली. जेमतेम दोन किलोची, उंदराच्या पिलाएवढी. मामांचा रोज सकाळी आठला फोन सुरू झाला. "लेकरू कसं हाय? दूध पेऊन राह्यलं का? लस देली का?" आणि शेवटी दबक्या आवाजात, "सुमी धुरी त नाई ना देत?" सुमी म्हणजे माझी बायको. ती धुरी देत होती, दोन्ही वेळा देत होती. न्हाणं झालं की शेगडीत निखारे, त्यावर ओवा, वेखंड आणि लसणाची टरफलं टाकून बाळ त्या धुरावर धरायचं. आमच्याकडे धुरीशिवाय बाळंतपण म्हणजे हळदीशिवाय लग्न. मी फोनवर "नाही नाही" म्हणायचो आणि धुरानं खोकायचो.

कार्तिकातली गोष्ट. आठचा फोन आला. मी एका हातानं बूट चढवत बोलत होतो, तेवढ्यात बायको आतून ओरडली, "अहो, डब्बा झाला! घेऊन जा लवकर!" मी गडबडीत म्हणालो, "मामा, ठेवतो, उशीर होतोय," आणि फोन गप्प करून शाळेत गेलो. मी आपला सातवीला दशांश शिकवत होतो आणि तिकडे जानेफळात मामा अनवाणी रस्त्यावर आले होते. जालन्याच्या बाजाराला टमाटे घेऊन निघालेली एक जीप त्यांनी हात आडवे करून थांबवली, आत जागा नव्हती म्हणून मागे क्रेटांवर बसले, आणि दोन-अडीच तासांनी आमच्या दारात उतरले ते नखशिखांत लाल. अख्खी गल्ली गोळा झाली. मामा कुणाशी न बोलता आत गेले, झबलं वर केलं, घड्याळ धरलं. नात खुदकन हसली. "अडतीस," मामा म्हणाले आणि मटकन खाली बसले. "सुमे, मंग डब्बा कुठं हाय?"

"शाळेत नेला त्यायनं," बायको म्हणाली. "मेथीची भाजी होती."

आठ दिवस गल्ली हसत होती. भाजीवालीसुद्धा मला विचारायची, "काय गुरुजी, आज डब्बा कोनाले झाला?" मामांना मात्र या हसण्याचं काही नव्हतं. "हसू द्या. डब्बा रिकामा निघाला म्हून हसून राह्यले." पण त्या संध्याकाळी जाता जाता त्यांना कोपऱ्यातली शेगडी दिसली आणि मामा-भाचीची जुंपली. बायको म्हणाली, "मामा, आमी सारे धुरीतच वाढलो ना? काय झालं आमाले?" मामा माझ्या जुन्या चपला घालता घालता थांबले. "हाव, तुमी वाढले. जे नाई वाढले, ते सांगाले येत नाईत बाई." मग माझ्याकडे वळून मला नातीचे श्वास मोजायला शिकवलं. दोन महिन्यांपासून वर्षाच्या आत पन्नास किंवा वर गेले, की दवाखाना. बरगडीखाली खड्डा पडला, की विचारायचंच नाही. "आन पुरा मिनिट मोजा, जावईबापू. लेकरू कधी भरभर घेते, कधी दम खाते. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करनारा मानूस मले आवडत नाई." मी मान डोलावली. गणिताच्या मास्तराला दुप्पट करू नको म्हणून सांगणारा हा माणूस कोण, असंही मनात आलं.

पौषात थंडी पडली. नात चार महिन्यांची. स्वयंपाकघर उबदार म्हणून पाळणा तिकडे हलवला, आणि ती सुप्रसिद्ध खिडकी, मामांनी लग्नाआधी मागून घेतलेली, मी स्वतःच्या हातानं पुठ्ठा ठोकून बंद केली. हो, मीच. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला घर बायकांनी भरलं. त्यातल्या निम्म्या सर्दीनं बेजार, आणि प्रत्येकीनं बाळाचा मुका घेतला. वर शेगडी होतीच. चौथ्या दिवशी नात खोकायला लागली. दुपारी ती अंगावर पिईना. पूनम घाबरली, म्हणाली, "बाबा, मामांना फोन करा." मी म्हणालो, "पुन्हा टमाट्याची जीप आणायची आहे का दारात?" घड्याळ घेतलं, अर्धं मिनिट मोजलं. तेवीस. दुप्पट शेहेचाळीस. पन्नासच्या आत! मी मोठ्या ऐटीत जाहीर केलं, "काही झालेलं नाही."

चार वाजता मामांचाच फोन आला. सकाळी "झोपलीय" म्हणून बायकोनं त्यांना टाळलं होतं, ते त्यांना दिवसभर टोचत होतं. व्हिडिओ लावायला लावला.

"किती भरले?"

"शेहेचाळीस."

"पुरा मिनिट?"

मी नातीचं झबलं नीट करायला लागलो.

"जावईबापू, मी काय इचारून राह्यलो? पुरा मिनिट?"

"अर्धा," मी म्हणालो. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "फोन पोटावर धरा. कोनी बोलू नका." पूनम पदर तोंडात धरून उभी होती. एवढं लांबलचक मिनिट मी आयुष्यात पाहिलं नाही. "सत्तावन," फोनमधून आवाज आला. "आन बरगडीखाली खड्डा पडून राह्यला, दिसते का तुमाले?" दिसत होता. मी दुपारपासून घड्याळाकडे बघत होतो, पोटाकडे बघितलंच नव्हतं. "उठा आता. डब्बा झाला. घेऊन जा लवकर."

तेच शब्द. पण या वेळी कुणी हसलं नाही. शेजाऱ्याच्या गाडीतून जालन्याला लहान मुलांच्या दवाखान्यात पोचलो. नाकाला ऑक्सिजनची नळी, एवढ्याशा हाताला सलाईन. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. मी तोंड वर करून त्यांच्याकडे बघूही शकलो नाही. माझ्या एका दुपटीच्या हिशेबानं माझी नात जायची होती, हे मी अजून विसरलेलो नाही आणि विसरू इच्छित नाही. मामा दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं आले आणि पाच दिवस बाहेरच्या बाकड्यावर बसले. येणाऱ्याजाणाऱ्या लेकरांची पोटं बघत असत. मला मात्र एका शब्दानं बोलले नाहीत. घरी सोडलं त्या दिवशी त्यांनी नातीला मांडीवर घेतलं, पुरं मिनिट मोजलं, पण आकडा काही सांगितला नाही. घड्याळाचा हात खाली आला. बराच वेळ ते तिच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "सुमे, हिचं नाक त तुयासारखं हाय गं." तेव्हा सुरुवातीचं माझं विधान मी इथे मागे घेतो. एका लेकराचा चेहरा त्यांनी पाहिलाय.

घरी आल्यावर बायकोनं कुणी न सांगता शेगडी उचलून अंगणात नेली. आता तिच्यात कोथिंबीर आहे. पुठ्ठा मी काढला.

नात अडीच वर्षांची झाली. मामा दारात दिसले की ती स्वतःच फ्रॉक वर करून उभी राहते. मामांना आता मोतीबिंदू आहे, सेकंदकाटा दिसत नाही, तरी घड्याळ सुटत नाही. तिच्या पोटावर हात ठेवून अंदाजानं मोजतात, मध्येच चुकतात, पुन्हा पहिल्यापासून. मी एकदा म्हणालो, "मामा, आता ठणठणीत आहे ती, कशाला मोजता?" तर म्हणाले, "आजारी लेकराचे मोजतो ते काम म्हून. हे आपलं जिवाले बरं वाटते म्हून." या माणसावर माझा फार जीव आहे. तोंडावर कधी सांगितलं नाही. सांगितलं तर शर्ट वर करायला लावतील.

गेल्या महिन्यात आले होते. जेवण झालं, आरामखुर्चीत ते आणि त्यांच्या मांडीवर नात, दोघंही झोपले. खिडकीतून वारा येत होता. मी समोर पेपर वाचत होतो, तेवढ्यात नजर मामांच्या सदऱ्याकडे गेली. सदरा वर जात होता, खाली येत होता, आणि मध्येच थांबल्यासारखा वाटला. मी वाकलो, त्यांच्याच मनगटावरच्या घड्याळात बघत मोजायला लागलो. सात, आठ, नऊ. काटा तिसावर आला. नऊ दुणे अठरा. हुश्श करून मी पेपर उचलला.

"पुरा मिनिट, जावईबापू," मामा डोळे न उघडता म्हणाले.

मी पेपर खाली ठेवला आणि पुन्हा एकपासून मोजायला लागलो.